रिजेक्टसाहेबांच्या बासष्ट बाटल्या

आमच्या रिजेक्टसाहेबांच्या तोंडून "छान" हा शब्द मी चौदा वर्षांच्या शेजारात एकदाही ऐकला नाही. त्यांच्याकडे दोनच शब्द होते, ओके आणि रिजेक्ट. त्यातलं ओकेसुद्धा असं काढायचे, की पदरमोड करून देतायत. दुबईपलीकडच्या रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात ते क्वालिटीचे मुख्य, आणि माझा नवरा त्यांच्या हाताखाली. टाइल तळहातावर घ्यायची, बोटाच्या पेराने टक् करून वाजवायची आणि कान लावायचा. आवाज बद्द आला की "रिजेक्ट, खलास!" आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी नव्या सेटमधली प्लेट पुढे ठेवली. त्यांनी ती भरल्या पानानिशी वाजवली आणि म्हणाले, "टीचर, हिला आतून तडा आहे." मी शाळेत गणित शिकवते, म्हणून मी टीचर. मला असा राग आला म्हणता! आठवड्याने ती प्लेट भेंडीच्या भाजीसकट दुभंगली. असल्या माणसांचा राग येतो, आणि ती बरोबर निघतात म्हणून जास्तच येतो.

कारखान्यात रिजेक्ट मालावर लाल गोल स्टिकर लागायचं. त्यावर खाली दोन रेघा होत्या, एक तपासणाऱ्याच्या सहीला आणि दुसरी खात्री करणाऱ्याच्या सहीला. साहेब दोन्हीकडे स्वतःच सही ठोकायचे. माझ्या नवऱ्याने एकदा भीत भीत विचारलं, "सर, दुसरी सही दुसऱ्याची हवी ना?" तर म्हणाले, "हवी. पण दुसरा माणूस आणू कुठून?" नवरा त्यांच्यासमोरच उभा होता.

तर असे हे साहेब एकदा नव्या भट्टीचं ट्रेनिंग घ्यायला इटलीला गेले. तिथल्या यजमानांनी कुठलीशी जुनी लाल वाइन पाजली, बारोलो नावाची, आणि आमचा ठाणेकर गडी कायमचा कामातून गेला. "भट्टी शिकायला पाठवला होता, बाटली शिकून आला," असं वहिनी म्हणायच्या. वहिनी तासगावच्या, द्राक्षबागवाल्यांची मुलगी, बोलायला फटकळ. पुढे दर इटलीवारीला दोन-तीन बाटल्या येत गेल्या. लायसन्स, पावत्या, सगळं फाइलमध्ये लावलेलं. फ्लॅटमधल्या मेडरूमला, म्हणजे कामवालीसाठी असलेल्या खोलीला, त्यांनी खालपासून वरपर्यंत टाइल्स लावून घेतल्या, फर्स्ट क्वालिटीच्या, रीतसर विकत घेऊन. लाकडी रॅक केले आणि एसी सोळावर ठेवला. दाराला रजिस्टर टांगलं आणि भट्टीचं तापमान नोंदवतात तसं सकाळ, दुपार, संध्याकाळ नोंदवायला लागले. वहिनी त्या खोलीला सवत म्हणायच्या. "सवतीला सोळा अंश आणि मला अठ्ठावीस. घ्या!"

पाहुण्यांना सवतीचं दर्शन मात्र मिळायचं, चपला बाहेर काढून. प्रत्येक बाटलीचं साल, कुठल्या डोंगराची कुठली बाजू, त्या वर्षी पाऊस किती, सगळं तोंडपाठ. मग बाहेर येऊन पुरुषांना स्वस्तातली व्हिस्की आणि बायकांना मँगो ज्यूस. एखाद्याने धीर करून "उघडूया का एक?" म्हटलं, की डोळे मिटून म्हणायचे, "अजून वेळ आलेली नाही." प्रमोशन झालं तेव्हा वेळ आली नाही. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा वहिनी नवी पैठणी नेसून मेडरूमच्या दारात उभ्या राहिल्या, तरी आली नाही. आमची लेक पाच वर्षांची असताना विचारायची, "अंकल, इज इट रेडी येट?" ती कॉलेजला गेली तेव्हाही निघताना तिने हेच विचारलं, आणि साहेब अगदी गंभीरपणे म्हणाले, "इन्शाल्ला, सून."

आता साहेबांची आणखी एक सवय सांगायलाच हवी. जुलै लागला की आमची अख्खी बिल्डिंग सहा आठवडे गावी पळते. निघायच्या आदल्या दिवशी साहेब प्रत्येक दार वाजवून तपासणी करायचे. गॅस बंद? नळ बंद? फ्रीज रिकामा? आणि शेवटी मेन स्विच. कोणी म्हटलं, की राहू दे हो एक एसी चालू, भिंतींना बुरशी येते, तर उसळायचे. "बंद घराला थंडी कशाला? भिंतीला घाम पुसायला येतो का कोणी?" मग एअरपोर्टच्या टॅक्सीत बसण्याआधी परत वर जाऊन आपला स्विच पुन्हा एकदा बघून यायचे. आम्हीही सगळे त्यांचंच बघून मेन बंद करायला शिकलो.

साठी आली, कारखान्याने शाल आणि घड्याळ दिलं, आणि व्हिसा संपायची तारीख ठरली. आता पुण्याला जायचं, तर बासष्ट बाटल्यांचं काय? तिकडे न्यायची सोय नाही, इथे खासगीत विकायला परवानगी नाही. शेवटी लंडनच्या एका लिलाव कंपनीशी पत्रव्यवहार झाला. माल बघायला त्यांच्या एक बाई येणार, पसंत पडला तर रीतसर तिकडे नेऊन विकणार. साहेबांनी आठ दिवस आधी रॅक पुसायला घेतले. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे चहाला आले आणि कपात बघत म्हणाले, "टीचर, पैशाचं सोडा. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या टाइल्स वाजवल्या. ही एकच गोष्ट मी स्वतः निवडून जमवली. त्या बाई ओके म्हणाल्या की झालं." या माणसाला कोणाकडून तरी ओके हवं होतं! मला गलबलून आलं आणि हसूही आलं.

बाई आल्या. शांत, गोड, पांढऱ्या केसांच्या. वहिनींनी मला भजी तळायला मदतीला बोलावलं होतं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. रजिस्टर बघून बाई इतक्या खूश झाल्या, की साहेबांचे कान लाल झाले. पान उलटावं तर सोळा, सोळा, सोळा. मग एक आडवी रेघ आणि तिच्यावर साहेबांच्या वळणदार अक्षरात 'अॅन्युअल लीव्ह'. पुढे पुन्हा सोळा, सोळा, आणि पुढल्या जुलैत पुन्हा रेघ.

"या दिवसांत नोंद कोण ठेवायचं?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. घर बंद. मेन स्विच ऑफ," साहेब अभिमानाने म्हणाले.

म्हणाले आणि थांबले.

भट्टीच्या दाराजवळ हात धरून आतले अंश सांगणारा हा माणूस. जुलैतल्या बंद फ्लॅटची काय भट्टी होते हे त्याला कोणी सांगायला हवं होतं का? पण अठरा वर्षं त्यांच्या एकाच डोक्यात दोन माणसं राहत होती, एक बारोलोवाला आणि एक वीज वाचवणारा, आणि दोघांची कधी गाठच पडली नव्हती. बाईंनी हळूच एक बाटली उचलली. बूच जरासं वर आलेलं, मानेवर चिकट ओघळ वाळलेला. त्या काही बोलायच्या आत साहेबच म्हणाले, "रिजेक्ट." आवाज बद्द आला. बाईंनी भजी खाल्ली, वहिनींचे आभार मानले आणि गेल्या.

बातमी पसरायला वेळ लागतो होय? दोन दिवसांत दुबई मरीनाहून एक मराठी शेठ हजर, आणि वहिनींच्या हाकेवर मी पुन्हा भज्यांना. फ्लॅटांची दलाली, घरात काचेचा भला मोठा बार. "साहेब, मला सगळा लॉट द्या."

"तो खराब झालाय," साहेब म्हणाले.

"अहो, मला पिनी थोडीच है? काचेत लावायची, खाली लाइट सोडायची. लेबल दिसलं की बस! विक्री नका म्हणू, गिफ्ट म्हणा. मीपण तुम्हाला गिफ्ट देतो. पन्नास हजार दिरहॅम. म्हणजे आपले बारा लाख. यल्ला, हात मिलाओ हबीबी!"

बारा लाख ऐकून वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. पुण्याच्या फ्लॅटचं नवं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार, माझ्या तर गेलंच. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रिजेक्ट माल माझ्याकडून गेटबाहेर जात नाही."

"पण तुमची सही कोण मागतंय?"

"मी मागतोय," साहेब म्हणाले. शेठ आम्हा सगळ्यांना वेड्यात काढून गेले.

साहेबांनी लाल स्टिकरांचं बंडल काढलं. बासष्ट स्टिकर, प्रत्येकावर दोन सह्या. मग बादली आणि बूच काढायचा स्क्रू घेऊन बाथरूमकडे निघाले, ओतून द्यायला. वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"थांबा. अठरा वर्षं सवत पोसली, तिचं तोंड तरी बघू दे मला." आणि स्टीलची वाटी पुढे केली.

साहेबांनी एक फोडून ओतली. वहिनींनी आधी वास घेतला, मग घोट तोंडात घोळवला. "ऊन खाल्लंय हिने. आमच्याकडे शेडचा पडदा उघडा राहिला, की बेदाण्याला असाच वास सुटतो." साहेबांनी दुसरी फोडली. "ही त्याहून वाईट. दारापाशी होती का?" होती. तिसरीला वहिनी जरा थांबल्या, पुन्हा एक घोट घेतला. "हिला कमी लागलंय. ही अगदी खाली, आतल्या भिंतीकडे असणार." ती तिथलीच होती.

"तुला हे सगळं कळतं? मग कधी बोलली नाहीस?"

"चाखायला कधी दिलीत?" वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, टोमणाही मारला नाही. मी उगाचच भज्यांची रिकामी कढई घासायला घेतली.

थोड्या वेळाने मान वळवून पाहिलं, तर साहेबांनी त्या तिसऱ्या बाटलीवरचं स्टिकर सोलून काढलं होतं. नवं चिकटवलं, वरच्या रेघेवर सही केली आणि पेन वहिनींपुढे धरलं. "इथे. दुसरी सही."

"काय लिहू? ओके की रिजेक्ट?"

"तू सांग."

वहिनींनी आणखी एक घोट घेतला, विचार केला, छापलेल्या 'रिजेक्ट'वर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'चालेल'. खाली पूर्ण नाव घालून सही केली. ती बाटली आम्ही तिघांनी वाट्यांनी संपवली. खरं सांगते, मला ती औषधासारखी लागली. पण त्या दोघांचे चेहरे बघून मी दुसरी वाटी मागितली.

महिन्याने ते गेले. निघताना साहेबांचा हात मेन स्विचकडे जाईना, शेवटी वहिनींनीच तो पाडला. रिकामी बाटली मी मागून घेतली, ती माझ्या ओट्यावर आहे, दोन सह्यांची. परवा वहिनींचा पुण्याहून फोन आला होता. सांगत होत्या, "अगं, काल आमटीत मीठ जास्त पडलं. ह्यांनी दोन घास खाल्ले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, चालेल." मला फोनवर रडूच कोसळलं.