दाजींचा शब्द आणि गोल दरवाजा

मला इंग्रजी येतं, ही बातमी मला मद्रासला पोहोचल्यावर कळली.

ती दिली दाजींनी. दाजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान, रेल्वेत कारकून. सातवीत शाळेनं आणि मी एकमेकांचा नाद सोडला, तेव्हा या देवमाणसानं मला कऱ्हाडजवळच्या खेड्यातून उचलून मद्रासजवळ तांबरमला आणलं आणि आपल्या दोन खोल्यांतली अर्धी खोली मला दिली. घरमालक सुंदरराव. तंजावरचे मराठी, सत्तरीचे, इंग्रज साहेबाच्या हाताखाली उभा जन्म काढलेले. अंबत्तूरच्या एका कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकायचं त्यांनी कबूल केलं आणि विचारलं, "पोरास इंग्रजी येते की?"

"येतं म्हणजे काय! फाडफाड बोलतो!" दाजी म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

नोकरी लागली. कोठारात नट-बोल्टांची खोकी, त्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या. मी प्रत्येक खोक्यावर खडूनं चित्र काढलं. (वॉशरला भाकरी, खिळ्याला आमचे गुरुजी.) काम भागत होतं, पण धास्ती सुटत नव्हती. माझं बिंग फुटलं तर दाजींचा शब्द खोटा ठरणार, आणि तोही ज्याच्या छपराखाली आम्ही राहतो त्याच माणसापुढे!

अशात एका रविवारी घरची आठवण विसरायला म्हणून मी एकटाच इंग्रजी चित्रपटाला गेलो. विसरायला! एक माणूस अग्निबाणात बसून दुसऱ्या कुठल्याशा ग्रहावर जातो, सोबती त्याला तिथंच टाकून परत फिरतात, आणि तो वर बघत उभा. एक अक्षर समजत नव्हतं आणि सगळं समजत होतं. शेवटी तो लांबून एक घर बघतो, त्याच्या गोल दरवाजावर थाप मारतो... तिथं मला असा हुंदका फुटला की शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. मी तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळालो. पुढचं बघायची गरजच काय? दार कोण उघडणार? आई!

घरी येऊन आक्काला सांगितलं. इडलीचं पीठ वाटता वाटता तिचा हात थांबला. भिंतीपलीकडून, लहानथोर सगळ्यांनाच 'अप्पा' म्हणणारे सुंदरराव आले. "अप्पा, हे ओसरीवर सांगायचे. एकादशीस."

त्यांच्या घरी दर एकादशीला हरिकथा असे आणि तिचा नियम कडक : कथा सुरू झाली की सांगणारा कितीही शेंबडा असो, मध्ये कोणी बोलायचं नाही. मी उपरणं घेऊन उभा राहिलो, सुंदररावांनी चिपळ्या धरल्या, आणि आईनं दार उघडताच सगळी ओसरी रडली! अशा तीन एकादश्या झाल्या. दर वेळी आई थोडी अधिक म्हातारी होत गेली.

आणि तोच चित्रपट पुन्हा लागला.

"सगळे मिळून जाऊ," सुंदरराव म्हणाले. "दत्तू आम्हांस अर्थ सांगेल."

मला ताबडतोब ताप आला. आक्कानं कडूजार काढा दाखवला, तसा ताबडतोब उतरला.

मला मधोमध बसवलं. एका बाजूला आक्का-दाजी, दुसऱ्या बाजूला सुंदरराव, हाताची घडी घालून. अग्निबाण उडेपर्यंत मी रेटून नेलं. मग तो गोल दरवाजा आला. आक्का मोठ्यानं म्हणाली, "आता बघा हं, आई येणार!"

दार उघडलं. आत हिरव्या तोंडाची बाई. हातात पिस्तूल!

"ही आई?" दाजी पुटपुटले.

"आईच," मी म्हणालो. "रागावलीय. उशीर केला ना त्यानं."

"अरे, पण पिस्तूल?"

"लाटणं सापडलं नसेल!"

"आणि हिरवी कशानं झाली?" आक्का.

"काळजीनं!"

पुढच्या रांगेतला माणूस उठून तमिळमध्ये जे बोलला त्याचा अर्थ मात्र मला नीट समजला. आता पुढचं सगळं माझ्यासाठीही कोरं होतं. बाईनं पिस्तूल खाली ठेवलं. त्या माणसाला आत घेतलं, वाडगा भरून काहीतरी खायला दिलं, निजायला कोपरा दिला. मग अग्निबाण परत आला, सोबती हाका मारू लागले. तो तीन पायऱ्या चढला, थांबला, काहीतरी बोलला आणि उतरून पुन्हा वाडग्यापाशी येऊन बसला.

मला आमची अर्धी खोली दिसली. आक्काच्या हातचा गरम भात दिसला.

"काय म्हणाला रे तो?" आक्कानं विचारलं.

"म्हणाला..." मी रुमाल शोधला. "म्हणाला, मी जात नाही. या लोकांनी मला एकदाही परकं म्हटलं नाही!"

आणि मी गळा काढला. माझ्यामागून आक्कानं. दाजींनी चष्मा पुसायला घेतला तो दिवे लागेपर्यंत पुसतच होते.

बाहेर आल्यावर कॉफीचा घोट घेऊन सुंदरराव शांतपणे म्हणाले, "तो म्हणाला, यंत्रात तेल कमी आहे. आणखी एक माणूस बसला तर उडणार नाही."

माझ्या हातातली कॉफी दाजींच्या धोतरावर सांडली. त्यांना ती पोळलीही नाही.

"मी हा आधीच पाहिला होता," सुंदरराव म्हणाले. "पहिल्या एकादशीसच समजलो, पोरास इंग्रजी नाही."

"मग बोलला नाहीत?" दाजींचा आवाज खोल गेला होता.

"कथा चालली होती अप्पा! मध्ये कसे बोलणे?"

"तीन एकादश्या?"

"संपली कुठे होती? आज संपली." ते माझ्याकडे वळले. "तुझ्या दाजींचा शब्द खोटा नव्हे. खरा व्हायचा राहिला आहे, इतकेच. उद्यापासून कारखान्यातून आलास की पाटी घेऊन माझ्यापुढे बसायचे."

बसलो. दोन वर्षं बसलो. खोक्यांवरची चित्रं पुसली. (गुरुजी तेवढे ठेवले.) दाजींचा शब्द खरा झाला, आणि मग तोच चित्रपट तिसऱ्यांदा आला. मी ऐटीत गेलो. एकूण एक शब्द समजला. तेल, नळ्या, पंप, पुन्हा तेल! डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही!

अखेर त्या गोल दरवाजाच्या आधी मी दोन्ही कानांत रुमालाची टोकं कोंबली, तेव्हा कुठे मला मनासारखं रडता आलं.