हादरलेल्या नळ्या

कणकेत अंगठा रुतवून ती म्हणाली, "अहो, दगड केलाय याचा. पाणी लावा." मी मळत होतो, ती चुका काढत होती. आमचं शेवटचं एकत्र काम तेवढंच. सकाळी ती उठलीच नाही.

अंगठा रुतवायची तिला खोडच होती. सियालदहच्या बाजारात पपईत, दुकानातल्या नव्या गादीत, कशातही. असं माणूस तुमच्या घरात असेल तर कळेल, बरोबर बाजारात जायची लाज वाटते.

मी सोनं गाळणारा, सातवी नापास. ती लग्नात दहावी होती. पुढचं सगळं इथं कोलकात्यात शिकली आणि न्यू टाउनच्या प्रयोगशाळेत समुद्राच्या तळाचा गाळ तपासायला लागली. गॅसचा पाइप समुद्रात नुसता टाकून चालत नाही, कोळ्यांची जाळी अडकतात. जहाजामागं नांगर ओढून तळात चर पाडायचा, त्यात तो पुरायचा. कुठं तळ मऊ, कुठं टणक, याचा नकाशा ती करायची. मऊ पिवळा, टणक लाल.

शेवटच्या कामात एका पट्ट्यातून नळ्यांत भरून आणलेला गाळ मऊ निघाला. ही पट्टा पिवळा करेना. मी डबा घेऊन गेलो, तर साहेबाशी जुंपलेली. साहेब बंगाली, वयानं लहान.

"दीदी, यंत्र मऊ म्हणतंय. तुमच्या अंगठ्यावर जहाज पुन्हा तळ तपासायला पाठवू?"

"अंगठ्यावर नको, डोळ्यांनी बघा. गाळावर पाणी सुटलंय. नळ्या ट्रकमध्ये आडव्या टाकून आणल्यात. हादरलेला गाळ मऊच लागणार. समुद्रात तो असा नाही. हलका नांगर वरच घसरेल, पाइप उघडा राहील."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"तर मला घरी बसवा."

जहाज गेलं. ते परत यायच्या आत ही गेली.

सुतकातच साहेबाचा फोन आला. दीदीचा नवरा म्हणून तो मला जामाईबाबू म्हणतो.

"जामाईबाबू, या वेळी थेट तळातच सळई खुपसून पाहिली. टणक आहे. पट्टा लाल केला. आता मोठा नांगर जाणार."

"सांगितलं होतं ना रे तिनं तुला!" मी एवढ्यानं ओरडलो की खालचे लोक वर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाढल्या दाढीनिशी मिठाईवाल्याकडं गेलो. संदेशचा मोठा डबा घेतला आणि गल्लीत दारोदार वाटत सुटलो. समोरची म्हातारी दचकलीच.

"बाबू, तुमच्या घरात सुतक ना?"

"आहे. खायचा नसेल तर ठेव बाजूला. पण ऐकून घे, माझी बायको बरोबर निघाली."

आणि पुढचं दार वाजवलं.