फिलिप दर रविवारी गावी जायचा

फिलिप गेल्याचं त्याच्या मुलीनं, रीटानं, फोनवर सांगितलं. सकाळी चहा पिता पिताच... मग म्हणाली, "काका, बाबांना गावीच पुरायचंय. याल ना?" गाव म्हणजे बोरिवलीतलं गावठाण. मला नवल वाटलं ते याचंच, कारण त्या गावात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

मुलुंडला आमची दारं समोरासमोर. मी मूळचा मालवणकडचा हिंदू, तो शाळेत गणित शिकवणारा ख्रिस्ती. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, दोन बस बदलून तो बोरिवलीच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, जाई आणि जेवायच्या वेळी एकटाच परत येई. चर्च मुलुंडलाही होतं, चालत जाण्याइतकं जवळ. मग एवढा लांब का जातो? बरीच वर्षं मी विचारलं नाही. एकदा गॅलरीत बसलो असताना विचारलंच.

तरुणपणी मिस्सामध्ये बायबलचं वाचन करायचं काम त्याच्याकडे होतं. एका रविवारी वाचून झाल्यावर तो व्यासपीठावरून खाली उतरलाच नाही. आपल्या घरची धुणीभांडी करणाऱ्या आदिवासी बाया याच देवाला मानतात, मग त्या दाराशी उभ्या का, त्यांना बाकावर जागा का नाही, असं त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. गाव खवळलं. थोरल्या भावानं, जोसेफनं, त्याला घराबाहेर काढलं.

"आणि तरी तू तिथेच जातोस?"

"येशू गावी गेला होता, ठाऊक आहे तुला?" तो म्हणाला. "नाझरेथला. लहानाचा मोठा झाला ते गाव. शब्बाथ होता, ज्यूंचा प्रार्थनेचा वार, म्हणून नेहमीच्या सवयीनं प्रार्थनेला गेला. वाचलं, बोलला. लोक इतके चिडले की कड्यावरून ढकलायला निघाले. तो त्यांच्यातूनच वाट काढून निघून गेला."

"मग पुढच्या शब्बाथला?"

"ते स्पष्ट लिहिलेलं नाही रे. तेच मला कळत नाही... पण सवय होती ना त्याला."

दफनाला मी गेलो. लोक पांगल्यावर काठी टेकत एक वृद्ध माझ्याजवळ आले. जोसेफ. "मुलुंडचे ना तुम्ही? तो कसा यायचा, रिक्षानं?"

"बसनं. दोन बदलून."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मी त्याच्या मागच्या बाकावर बसायचो. मिस्सामध्ये हात मिळवून एकमेकांना शांती द्यायची वेळ येते, तेव्हा तो मागे वळून हात पुढे करायचा. दर रविवारी. मी मान खाली घालायचो."

"शेवटपर्यंत?"

"गेल्या पास्काला, ईस्टरच्या मिस्सात, दिला मी हात. त्यानं धरला तो सोडेचना. गाणं सुरू झालं, लोक बघायला लागले..."

फिलिपनं मला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. का, याचा मी अजून विचार करतो.

फिलिपला जाऊन महिना झाला, तेव्हा त्याच्यासाठीच्या मिस्साला रीटाबरोबर पुन्हा गेलो. फिलिपच्या जागी जोसेफ बसले होते, मी त्यांच्या मागे, माझ्या शेजारी कुणी अनोळखी बाई. फादर काहीतरी म्हणाले आणि जोसेफ काठीचा आधार घेत, सावकाश, पूर्ण मागे वळले. त्यांनी माझ्यापुढे हात केला. शेजारच्या बाईंनी कोपरानं हळूच ढोसलं, "हात द्या ना."

मी दिला.