सरमिसळ झाडे मोजणारी बाई

जिचा इतका हेवा केला तिच्यावर मीच लिहावे, हे धाडसच आहे. माफ करा. लिहिण्याची सवय आमच्या घरात कुणालाच नाही.

"पाह्यलं तेवढंच सांगन," असे म्हणत ती टोपलीतल्या चार द्रोणांपैकी एकात चिंचोका टाकायची. एका झाडाला एक चिंचोका. ब्रह्मपुरीजवळच्या धान-संशोधनाच्या फार्मवर ती झाडांच्या मोजणीला होती. अक्षरओळख नव्हती. मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला, दिवाळीच्या सुटीत तिथे कामाला.

फार्मच्या साहेबांनी जांभळ्या खोडाचे कुसळवाले धान आणि हिरव्या खोडाचे बिनकुसळाचे धान यांचा संकर केला होता. नातवंडांच्या पिढीत किती झाडांत ही जोडी फुटून सरमिसळ झाली, म्हणजे जांभळ्याला कुसळ नाही किंवा हिरव्याला आहे, त्यावरून ते दोन गुण एकमेकांच्या किती जवळ बसले आहेत याचे गणित मांडायचे. मोजणीला कायमचे एकच माणूस ठेवणार होते. ती जागा मला हवी होती.

पहिली बांधी, म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा, दोघांनी वेगवेगळी मोजली. माझे आकडे थेट पुस्तकातल्यासारखे, गुण सुटे असले की येतात तसे नऊ-तीन-तीन-एक या प्रमाणात आले. शंकेचे झाड मी सोयीच्या रकान्यात टाकत होतो. तिच्या सरमिसळीच्या दोन द्रोणांत मात्र चिंचोके अगदी थोडे.

साहेब स्वतः चिखलात उतरले. वर येऊन म्हणाले, "बाईंचेच बरोबर. हे गुण सुटे नाहीत, जोडीने चालतात."

"भाऊनं पुस्तकातलं धान मोजलं जी," ती म्हणाली. कामावरच्या बाया खिदळल्या. तुम्हीही हसला असता. मला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी मी तिला मोजायला दिलेल्या बांधीत शिरलो आणि तिचा आकडा चुकावा म्हणून सरमिसळीची सात झाडे उपटली. कुणी विचारलेच, तर बियाण्याच्या शेतात काढतात तशी भेसळ काढली म्हणणार होतो.

तिने साहेबांपुढे द्रोण ठेवले. "जोडी फुटलेली चार. अन् सात भोकं हायेत. ओली."

"काय होतं तिथे? कुणी उपटलं?"

"मी नाई पाह्यलं जी."

त्या बांधीचे आकडे साहेबांनी रद्द केले. तिथले हंगामभराचे काम वाया गेले. नंतर बांधीच्या कडेला धुऱ्यावर तिने माझ्या नखांतला चिखल पाहिला आणि हळूच विचारले, "काऊन रे भाऊ, त्या झाडायनं तुहं का बिघडवलं होतं?"

जागा तिला मिळाली. मी नागपूरला परतलो, तरी तिचा हेवा गेला नाही.

यंदा धान पिकायच्या सुमारास साहेबांचे पत्र आले. बाई पोळ्याआधी तापाने गेली. मोजणीला ताबडतोब या, असे त्यात होते. खाली आणखी दोन ओळी होत्या: आजारपणात तिला विचारले होते, तुमच्या जागी कुणाला घेऊ? ती म्हणाली, "त्या नागपूरच्या भाऊले घ्या. तो आता बरोबर मोजन."