डोंगर शिवायला निघालेल्या दोघी

बाळांनो,

डोंगर शिवायला निघालेल्या दोन म्हाताऱ्या बायकांची जी गोष्ट मी तुम्हाला इंग्रजीतून लिहून पाठवली, तिचा पुढचा भाग येणार नाही. ती गोष्ट मी एकटीने रचलेली नव्हती, आणि जिच्यासोबत रचली तिला मी विचारलं नव्हतं. तुम्ही दर रविवारी विचारता आणि मी दर रविवारी विषय बदलते. हे मला शोभत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून, क्रमाने लिहिते. मराठीत लिहिते आहे, कारण हे मराठीतच घडलं. आई वाचून दाखवील.

गेल्या वर्षी मार्चमध्ये माझ्या गुडघ्यांसाठी महाडात फिजिओथेरपी सुरू झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहा. एका लांबट खोलीत दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा. गुडघ्यांवर गरम शेकाच्या पिशव्या ठेवायच्या, मग मशीनच्या पट्ट्या लावून पडून राहायचं. सगळं मिळून पाऊण तास. मी पुस्तक नेत असे. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खाटेवरून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "हे मशीन चावतंय गो बाय, मुंगळा बसलाय जनू."

फिजिओ मुलगी हसली आणि पडदा सरकवला. माझ्याच वयाची, सडसडीत, काटक बाई होती. मी म्हणाले, "मावशी, थोडं सोसा, मग बरं वाटेल."

"मावशी?" ती म्हणाली. "तुमचे केस बघा नि माझे बघा. मी तुमची मावशी कशी होईन?"

तिचे केस खरोखरच माझ्याहून काळे होते. मी ओशाळले. बाजारात, दवाखान्यात, गावाकडची बाई दिसली की आम्ही शहरातले लोक सवयीने मावशी म्हणतो, त्यात मान असतो असं आम्हाला वाटतं. त्यानंतर मी तिला कशानेच हाक मारली नाही. ती मला 'बाई' म्हणे. इंग्रजीची मास्तरीण होते हे तिला दहा मिनिटांत कळलं होतं.

ती उमरठच्या वरच्या एका वाडीतली. मुलगा कारखान्यात कामाला, बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहणारा. वाडीच्या मागच्या डोंगराला भेग पडली, सरकारी माणसं येऊन पाहून गेली, पावसाळ्यात इथे राहू नका असं सांगून गेली. मुलाने आईला खाली आणलं ते कायमचंच. घराला कुलूप. चाळीत तिच्या एका बाजूला बिहारची माणसं, दुसऱ्या बाजूला ओडिशाची. "त्यांची भाषा मला कळत नाय, माझी त्यांना कळत नाय. दिवसभर एकमेकांना बघून नुसतं हसायचं. गाल दुखतात," ती म्हणे.

मी त्रेचाळीस वर्षांपूर्वी पुण्याहून लग्न होऊन महाडला आले. या गावातल्या दोन पिढ्यांना शिकवलं, तरी अजून माझी ओळख 'पुण्याच्या बाई' अशीच आहे. तेव्हा उपऱ्या आम्ही दोघीही. पण ते आमच्यातलं सारखेपण आहे हे त्या वेळी माझ्या मनातही आलं नाही. मला वाटे, मी इथलीच, आणि ती नवीन आलेली.

एकदा मशीन लावल्यावर वेळ जावा म्हणून मी तिला म्हटलं, "तुमच्याकडची एखादी गोष्ट सांगा ना."

ती दचकलीच. "दिवसाची गोष्ट सांगत नायत, बाई. दिवसा गोष्ट सांगितली तर कुनीतरी वाटंवरचा मानूस वाट चुकतो. आमच्यात तर पोरांनी मागितली तरी नाय सांगत." मग म्हणाली, "गोष्ट नको. चालूया. तुम्हाला चालायचंय का?"

"कुठे?"

"वर. पाय हितं राहू द्या, आपन जाऊ."

असं ते सुरू झालं. डोळे मिटायचे आणि निघायचं. खाटेवरून उठलो, भिंतीतून बाहेर पडलो, सावित्री ओलांडली. तिने नदीला म्हटलं, जरा सरक गो, आमचे गुडघे दुखतात, आणि नदी सरकली. पोलादपूर मागे टाकून आंबेनळीची वळणं चढलो. घाटमाथ्यावर ढगांची शेती होती. तिथली माणसं ढग नांगरत, पेरत आणि पाठीवर भारे घेऊन बाजाराला नेत. बाजारात जुने गुडघे देऊन नवे मिळत, पण बदल्यात आपली एक आठवण ठेवावी लागे. मी म्हटलं, देऊया एखादी नकोशी. ती म्हणाली, "नकोशी ते घेत नायत. त्यांना ठावं असतं." आम्ही जुनेच गुडघे घेऊन पुढे गेलो.

तिला दोरा हवा होता. डोंगराची भेग शिवायला पुरेल एवढा लांब. सुई तिच्याकडे होती, गोधडी शिवायची. ढगांच्या पलीकडे एक म्हातारा, आठ पायांचा कोळी आहे, त्याच्याकडे तसला दोरा मिळतो. तो घ्यायचा, परत यायचं, भेग शिवायची आणि घराचं कुलूप काढायचं. सगळी वाट त्यासाठी होती. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला ती कल्पना फार सुंदर वाटली. नुसती सुंदर वाटली, हाच माझा दोष.

त्या वाटेवर ती मला बाई म्हणत नसे. "चल गो," म्हणे. "उठ गो, किती बसशील." डोळे उघडले, पट्ट्या सुटल्या, की पुन्हा "बाई, सावकाश उतरा हां." हा फरक मला लगेच कळला होता, आणि खरं सांगायचं तर मला त्या 'गो'ची सवय लागली होती. तुमचे आजोबा गेल्यावर मला कोणी एकेरीत बोलावलं नव्हतं.

पण आमचं सरळ कधी जमलं नाही. मी विचारायची, किती दिवस झाले, मुक्काम कुठे, खाणार काय. ती फिजिओ मुलीला सांगे, "ह्या बाईंना भूकपन घड्याळ बघून लागते." तिने दोन दिवसांपूर्वी सांगितलेला पूल आज दुसरीकडे आला की मी तिला अडवायची. ती चिडून तोंड भिंतीकडे फिरवायची. एकदा मी माझी एक चांगली, इस्त्री केलेली सुती साडी तिच्यासाठी नेली. पुढच्या वेळी तिने ती तशीच घडीसकट परत आणली. म्हणाली, "मापाची नाय, बाई." साडीला कसलं माप, असं मनात हसत मी घरी आले. तिला माझं दान नको होतं हे समजायला फार दिवस लागले.

एप्रिलमध्ये एक दिवस, डोळे उघडे असताना, तिने विचारलं, "तुमची गाडी उमरठला जाते का हो?"

"गाडी कुठेही जाते," मी म्हटलं.

"आता रस्ता कोरडा हाय. गाडी खालपर्यंत जाते. वर थोडं चालायचं, ते मी चढन हळूहळू. तुम्ही खाली बसा सावलीत. दार उघडून, झाडून, बंद करून येईन. पोराला रजा नाय नि त्याला न्यायचंपन नाय."

मी म्हटलं, "ऊन फार आहे हो. थंडी पडली की बघू."

तिने पुन्हा विचारलं नाही. आमच्या पोर्चमध्ये आजोबांची गाडी कव्हर घालून उभी होती, फोन केला की ड्रायव्हर येत होता. त्या आठवड्यात मला दुसरं काय काम होतं म्हणाल, तर मी पुस्तकांच्या कपाटांना नंबर घालत होते. महाडहून उमरठ काही लांब नाही.

मेअखेरीला तिचा मुलगा माझ्या घरी आला. कारखान्याच्या कपड्यांतच, सुटी झाल्यावर. आत यायला तयार नव्हता. "बाई, आई तुमचं ऐकते. जरा समजवा ना तिला. पावसाच्या आधी वर जायचं म्हणून हट्ट धरून बसलीय. एकदा वर गेली की ती खाली उतरायची नाही, मला माहीत आहे. तिथे रात्रीत काही झालं तर मी काय करू?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचं काही चुकत नव्हतं. मी म्हटलं, "मी बोलते."

पण समोरासमोर बोलायला मी धजले नाही. मी मास्तरीण. मुलाला थेट रागवायचं नसेल तर धड्यातून सांगायचं, हे मी तीस वर्षं केलं होतं. तुम्हाला पाठवायला मी आमची वाट आधीच लिहून काढत होते. पहिल्या भागाचा शेवट मी त्या हिशेबाने लिहिला. तुम्हाला तो माहीत आहे. दोघी कोळ्यापर्यंत पोचतात, पण दोरा संपलेला असतो. तेव्हा दोघींपैकी शहाणी दुसरीला सांगते की डोंगर शिवता येत नसतो, आता ढगांचं गावच आपलं घर मान. दुसरीला ते पटतं. तुम्ही लिहिलंत, दुसरी म्हातारी फार गमतीदार आहे, सारखी चुकते. ते वाचून मला आनंद झाला होता.

जूनच्या पहिल्या सोमवारी मी वही घेऊन गेले. म्हटलं, "आज मी वाचते, तुम्ही ऐका." आणि इंग्रजीवरून मराठी करत वाचत गेले. एरवी ती चालताना सारखी "हं, हं" करत असे. त्या दिवशी पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं, रंगली आहे.

संपल्यावर ती म्हणाली, "कुनाला पटलं?"

"त्या दुसरीला."

"म्हंजे मला."

"अहो, ती गोष्ट आहे."

"गोष्ट नव्हती, बाई. गोष्ट असती तर मी दिवसाची बोलले असते का?" तिने गुडघ्यांवरच्या पिशव्या स्वतःच काढून बाजूला ठेवल्या. "माझा पोरगा आलता का तुमच्याकडं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "त्याला तुमची काळजी आहे म्हणून आला."

"ठावं हाय मला. तो माझा पोर हाय, त्यानं नाय म्हनायचंच. तुम्ही संगतीला होता." मग फिजिओ मुलीकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पट्ट्या सोड गो. माझी मिनीडोर जाईल." मिनीडोर म्हणजे आपल्याकडची माणसं भरून जाणारी रिक्षा. दुसरी मिळाली असती.

बुधवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही. फिजिओ मुलगी म्हणाली, घरीच व्यायाम करते असा निरोप आहे. माझ्याकडे तिच्या मुलाचा नंबर होता. मी तो लावला नाही. आधी वाटलं, राग शांत होऊ द्यावा. मग वाटलं, आता पाऊस. पावसात वर जायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे फोन करून तरी काय बोलणार, असं मी स्वतःला चार महिने सांगितलं.

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली. एका सकाळी मी ड्रायव्हरला बोलावलं, डब्यात पोळीभाजी भरली, पाणी घेतलं, काठी घेतली आणि बिरवाडीला गेले. चाळ विचारत विचारत सापडली. ती दारात बसून भिजवलेले वाल सोलत होती. मला पाहून उठली, शेजारच्या बिहारच्या बाईकडून खुर्ची मागून आणली, पुसली आणि मला बसवलं. स्वतः खाली बसली.

मी म्हटलं, "चला. गाडी आणली आहे. उमरठला जाऊ. मीही वरपर्यंत येते, जमेल तेवढं."

ती वाल सोलत राहिली. मग म्हणाली, "कौलं उतरवली, बाई. दसऱ्याच्या आधी. गावातल्या एकाला गोठ्याला पायजे होती. वासेपन गेले. आता वर काय हाय? चार भिंती. त्यापन पुढच्या पावसात बसतील."

"तरी एकदा..."

"तरी काय? दाराला कुलूप हाय नि वर आभाळ हाय. असल्या घरात कुठून आत जायाचं?"

मी म्हटलं, "एप्रिलमध्ये तुम्ही विचारलं होतं. मी तेव्हाच न्यायला हवं होतं. माझं चुकलं."

हे वाक्य मी गाडीत दोनदा म्हणून पाहिलं होतं. ते ऐकून तिने हातातला वाल खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही. माझ्या वयाच्या, थकलेल्या बाईकडे बघावं तसं.

"तवा कौलं होती," ती म्हणाली. "चूल होती. चुलीमागं माझ्या सासूनं काढलेली नक्षी होती, पांढरी. तेवढी बघायची होती मला. मी काय तिथं राहनार होते? मला कळत नाय का डोंगर पडतो ते? पोराला वाटलं, मी उतरायची नाय. तुम्हालापन तसंच वाटलं. मला कुनी विचारलंच नाय."

मी पण विचारलं नव्हतं. गोष्टीत त्या दुसरीला डोंगर शिवता येत नाही हे समजावून सांगणारी मी, आणि तिला ते आधीपासून माहीत होतं.

तिने चहा केला. कपबशीतून दिला, सोबत बशीत चार बिस्किटं. माझे गुडघे कसे आहेत विचारलं, तुम्ही नातवंडं कशी आहात विचारलं, बर्फ पडतो का तिकडे विचारलं. सगळी चौकशी, पाहुण्याची करतात तशी. मी चहा चांगला झालाय म्हटलं. "होय का," ती म्हणाली. मी उठले तेव्हा खुर्ची लगेच उचलून शेजारी परत देऊन आली.

गाडीत बसल्यावर ड्रायव्हरने विचारलं, "उमरठ ना, बाई? उजवीकडे घेऊ?"

मी म्हटलं, "नको. घरीच घ्या."