आठ सिलिंडरवाले मिस्त्री

मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशात कायम जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा असायचा. गाडीच्या इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधलं अंतर मापायला पोलादी पट्ट्या मिळतात. मिस्त्री मात्र पोस्टकार्डाची घडी फटीत सरकवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "सरकलं, पर सुटलं न्हाई. झालं काम." असे बोटांनी मापणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. हे त्यातले सगळ्यात हट्टी.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी भरे गावाहून सायकलने पिरंगुटच्या एका कारखान्यात जायचो, लेथवर होतो. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत फाटकावर चाळिशीचा एक माणूस उभा. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल धरावं तसं.

"टर्नर तुमीच का? एवढं बाळ बघा जरा."

बाळ म्हणजे डिस्ट्रिब्यूटर निघाला. इंजिनाच्या एकेका सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग. त्याचा मधला दांडा झिजलेल्या बुशात, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या नळीत, खुळखुळत होता, त्यामुळे ठिणगी कधी लवकर पडे, कधी पडतच नसे.

गाडी मुळशी धरणाच्या काठावर बंगला असलेल्या एका पुण्याच्या साहेबांची. निळी, अमेरिकन, दोन दारांची, आठ सिलिंडरची. उभी असली तरी गुरगुरत असल्यासारखी वाटायची. तीन वर्षं ती जागची हलली नव्हती. दुसरा डिस्ट्रिब्यूटर बसवायला साहेब तयार नव्हते. वडिलांची गाडी, तिच्यात तिचंच राहिलं पाहिजे, असा त्यांचा हेका.

मिस्त्रींचे वडील, पौडचे मुसलमान, त्याच बंगल्यावर ड्रायव्हर होते. गॅरेजमागच्या खोलीत मिस्त्री जन्मले आणि तिथेच म्हाताऱ्या आईला घेऊन राहत होते. कुवेतच्या एका गॅरेजातून त्यांना बोलावणं आलं होतं. पासपोर्ट साहेबांच्या ओळखीने निघाला, बंगल्याच्या पत्त्यावर आला आणि साहेबांच्या कपाटात गेला. "तुझ्याकडे हरवेल," साहेब म्हणाले. "गाडी सुरू कर आणि घेऊन जा."

मी गनमेटलचा बुश केला. पहिला घट्ट झाला, दुसरा केसभर ढिला. मिस्त्री दांडा फिरवून बघायचे आणि नकाराची मान हलवायचे. तिसऱ्या बुशात दांडा फिरला तेव्हा त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. पुढचे पंधरा दिवस डिस्ट्रिब्यूटरमधली गंजलेली वजनं घासण्यात, वरच्या टोपीची चीर भरण्यात आणि सैल पडलेल्या स्प्रिंगा नव्याने वळण्यात गेले.

गाडी सुरू झाली त्या रविवारी मला मुद्दाम बोलावलं होतं. पहिल्याच चावीला इंजिन धडधडलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे खोटं नाही. पौडपर्यंत फेरी मारून ते परत आले, मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता तुला कसा सोडू रे? ही तुझ्याशिवाय कुणाचं ऐकणार नाही."

आम्ही हसलो. मिस्त्रीही हसले.

कुवेतची तारीख गेली. पासपोर्ट मागितला की साहेब म्हणत, "पाऊस संपू दे." मग, "पाहुणे येऊन जाऊ देत." दोन वर्षं अशी गेली. दर रविवारी गाडी पुसायची, फिरवून आणायची. एकदा मी भेटायला गेलो, तेव्हा तलावापलीकडचे डोंगर बघत मिस्त्री म्हणाले, "टर्नर, बुश लई चांगला बसला बगा. दांडा हलायलाच जागा न्हाई."

मला ते लागलं. मी म्हणालो, "मिस्त्री, थोडी बिघडू द्या की."

"बिघडली तर दुरुस्तीला ठेवून घेतील. चालली तर चालवायला ठेवून घेतील. आन् मुद्दाम बिघडवायला माझा हातच जात न्हाई."

कुवेतच्या गॅरेजचं दुसऱ्यांदा पत्र आलं, तेव्हा मिस्त्रींनी एका सकाळी डिस्ट्रिब्यूटर उतरवला, स्वच्छ पुसला आणि साहेबांच्या बैठकीत, चहाच्या ट्रेशेजारी नेऊन ठेवला. पुढचं त्यांनीच मला त्या दुपारी कारखान्याच्या फाटकावर सांगितलं.

साहेब ओरडले, "ही चोरी आहे! पोलिसांना बोलावू?"

"बलवा की. चोरी कसली साहेब, तुमचं तुमच्याच घरात हाय." मग थोडं थांबून, "माझं बी तुमच्याच घरात हाय."

बाईसाहेब दारात उभ्या होत्या. त्याच आत गेल्या, कपाट उघडलं आणि पासपोर्ट आणून मिस्त्रींच्या हातात दिला. साहेब फक्त म्हणाले, "खोली आजच रिकामी कर."

"मग लगेच निघालात?" मी विचारलं.

"तसा कसा निघंन? आधी बसवला. टायमिंग लावलं. एका चावीला सुरू झाली, मग आईला घेऊन भाईर पडलो."

आईला पौडला बहिणीकडे ठेवून मिस्त्री मुंबईला गेले. महिन्याने कुवेतला पोचल्याचं त्यांचं पत्र बहिणीकडे आलं, तेवढंच मला कळलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर बंगल्याचा माळी मला शोधत कारखान्यात आला. गाडी बंद पडली होती. गेलो. साहेब थकलेले दिसले. प्रथमच मला खुर्ची दिली. "तो बुश तुम्हीच केला होता ना? जरा बघा. दर रविवारी येत जा हवं तर, बस थांब्यावर माणूस पाठवीन. मागची खोलीही रिकामीच आहे."

मी बॉनेट उघडलं. टोपीतून एक वायर निसटून लोंबत होती. नुसती दाबली की बसली असती.

मी बॉनेट हळूच खाली केलं. म्हणालो, "साहेब, मला यातलं काही कळत नाही."

मिस्त्री असते तर त्यांना राहवलं नसतं. मी हात पुसले आणि फाटकाबाहेर पडलो.