फलकावर सुटलेली गाडी

माझे धाकटे दीर दातांच्या कवळ्या बनवतात. समोर मेणात रोवलेले दात, शेजारी फोन, आणि फोनवर कुठल्या ना कुठल्या स्टेशनचा सुटणाऱ्या गाड्यांचा फलक. ज्या गावाला ते जन्मात जाणार नाहीत, तिथली सकाळची गाडी आज सात मिनिटं उशिरा आहे, हे त्यांना ठाऊक असतं. एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचं लग्न जुळत आलं, तेव्हा मला वाटलं, आता तरी हा फोन खाली राहील.

ग्रंथालयात काम करणाऱ्या, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेल्या बाई दर रविवारी चार स्टेशनं पलीकडून अकराला आमच्याकडे यायच्या. लग्नाची तारीख त्यांनीच सांगायची होती. एका रविवारी त्या पावणेबाराला आल्या. "गाडी उशिरा," म्हणाल्या.

भाऊजी माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. "वहिनी, गाडी दहा वाजून अकरा मिनिटांनी सुटलीय. वेळेवर."

"मग?"

"मग पाऊण तास या होत्या कुठे?"

"चपलेचा अंगठा तुटला असेल."

"तर तसं सांगावं. गाडीवर कशाला ढकलायचं?"

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. आमचं स्टेशन या लाइनीवरचं शेवटचं. इथून ती गाडी पुढे सुटत नाही, म्हणून फलकावर शोधायची तर बाईंच्याच स्टेशनावर. तिथे तिन्ही वेळा 'सुटली १०.११'. स्टेशनवर न्यायला येऊ नका, असं बाईंनी पहिल्या भेटीतच बजावलं होतं. तेव्हा तो मानीपणा वाटला होता. आता तिथेही पाणी मुरायला लागलं. खोटं कशाला बोलू, किडा माझ्याही डोक्यात शिरला. बाईंनी दुसऱ्यांदा पाणी मागितलं तरी मला वाटे, इतकी तहान कशाने लागली?

चौथ्या रविवारी भाऊजी म्हणाले, "बसने तिकडे जाऊन बघून येऊ. तुम्ही सोबत असलात तर बरं दिसेल."

"चोरून बघायचं आणि वर बरंही दिसायचं?" असं मी म्हटलं खरं, पण चपला आधी मीच घातल्या.

एकच फलाट, एकच बाक. बाकावर बाई, हातात उघडं पुस्तक. आम्ही वजनाच्या काट्याआड उभे राहिलो. दहा अकरा झाले. रूळ रिकामे. भाऊजींनी फोन माझ्यापुढे धरला. 'सुटली.'

"कोण सुटली?" मी विचारलं.

ते तडक तिकिटाच्या खिडकीशी गेले. आतला कारकून वैतागलेलाच होता. "रविवारी मी एकटा असतो, साहेब. तिकिटं देऊ की गाडी सुटल्याची बटणं दाबू? नाही दाबलं, की मशीन वेळापत्रकातली वेळ टाकून मोकळं होतं. गाडी तर महिनाभर उशिरानेच येतेय."

आवाज ऐकून बाईंनी मान वर केली. "तुम्ही इथे?"

मी एक आजारी मावशी तयार ठेवली होती. पण भाऊजी म्हणाले, "तुमची गाडी खरंच उशिरा येते का, ते बघायला आलो."

बाईंनी पुस्तक मिटलं. "कधीपासून बघताय?"

"तीन रविवार."

"आणि मला एकदाही विचारलं नाहीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वजनाच्या काट्याकडे.

"यापुढे बघणार नाही ना?"

दुसरा कुणी लगेच नाही म्हणाला असता. भाऊजींनी विचार केला. "बघेन. मला त्याशिवाय राहवत नाही."

"बघा. पण आधी माझं ऐकायचं, मग फोनचं. उलटं झालं तर मी माझ्या घरी बरी आहे."

"बरं," भाऊजी म्हणाले.

दहा बावन्नला गाडी आली. बाई चढल्या, त्यांच्यामागे आम्ही. भाऊजींनी खिडकीजवळची जागा त्यांच्यासाठी पुसली. त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"तारखेचं काय?" उतरताना मी हळूच विचारलं.

"अजून काही रविवार जाऊ देत," त्या म्हणाल्या.